काकपदाचा हिरा

१

सहदेव सोनारानं काडीच्या टोकानं खड्यावर पाण्याचा थेंब सोडला. खऱ्या हिऱ्यावर थेंब गोल बसून राहतो. हा मेला पसरला. सहदेवानं तो पुसला आणि खड्यावर तोंडाची वाफ सोडली. हिऱ्यावरची वाफ डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उडून जाते. ही आपली सासरवाडीला आलेल्या जावयासारखी ठाण मांडून बसली. मग त्यानं कानस लावली. ओरखडा उमटला.

समोर कोपरचा काळुराम पाटील बसला होता. खाडीकाठच्या तीन मिठागरांचा धनी, आवाज असा की कुजबुजला तरी शेजारच्या दुकानात ऐकू जावं. परवा त्याच्या मुलीची, शालूची, हळद होती आणि ती पडणार होती ठाण्याच्या बड्या घरात. तिथल्या बायकांनी कुणा पारशिणीच्या कानात विलायती घाटाचा हिरा पाहिलेला. सगळ्या अंगाला पैलू, मागून उघडा, नुसती मान हलवली तरी लखलखणारा. शालूनं हट्ट धरला की नथीत तसलाच हिरा हवा. पाटलाच्या अंगठीतला हिरा जुन्या घाटाचा होता, परब म्हणतात तो: चपटा, खिडकीच्या तावदानासारखा, सोन्याच्या बंद पेटीत बसवलेला. पेटीत खड्याखाली चांदीचा पातळ पत्रा घालतात, त्याला म्हणायचं डाक. परबाची निम्मी चमक त्या डाकाचीच असते.

तर हा परब काढून मुंबईच्या कारागिराकडे पाठवायचा, नवे पैलू पाडून आणायचे, असं ठरलं होतं. तोपर्यंत लग्नाला जुनीच नथ चालणार होती. पेटी मालकाच्या डोळ्यांदेखत उघडायची, हा सहदेवाच्या घराण्याचा दंडक. म्हणून काल पाटलाच्या घरची कामवाली शेवंती पदराच्या गाठीत अंगठी बांधून होडीनं कल्याणला आली, तेव्हा सहदेवानं ती तशीच तिजोरीत ठेवली. आज पाटील स्वतः आला होता. सोबत त्याची थोरली बहीण आवडाबाई होती, लहानपणीच कुंकू पुसून माहेरी आलेली. तिनं आत येताच सहदेवाला वाकून नमस्कार केला होता. अहो, सोनाराला एवढा मान कोण देतो? पण सहदेवानं तो खुशाल घेतला होता.

"पाटील," सहदेव म्हणाला, "ही काच आहे."

"काय बोलतंस?"

"हिरा नाही हा. काच आहे."

काळुराम उठून उभा राहिला. "सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा! माझा बाप बोलायचा ते खोटं नाय. रातभर अंगठी तुझ्याच तिजोरीत व्हती ना?"

रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबून आत डोकावले. तीन पिढ्यांचं दुकान. सहदेवाच्या तळहाताला घाम फुटला. आणि त्या घामातच त्याची जीभ चालली.

"हा डाक बघा, पाटील. कसा चकाकतोय! तुमच्या खाडीच्या खाऱ्या हवेत चांदी दोन वर्षांत काळी ठिक्कर पडते. म्हणजे बदल ताजा आहे, आठ-पंधरा दिवसांतला. आता एवढ्यात अंगठी तुमच्या घराबाहेर कुणी नेली, ते तुम्हीच आठवा."

नाव त्यानं घेतलं नाही. नुसतं दाराकडे पाहिलं. आजही पाटलासोबत आलेली शेवंती दाराशी उभी होती.

"मी गाठ सोडली नाय, मालक," ती म्हणाली. "माझ्या पोरीची आण."

पाटलानं तिचं मनगट धरलं. हळदीच्या घरात फौजदार नको, म्हणून हळद होईपर्यंत तिला मिठागरावरच्या खोपीत कोंडायचं. तोवर हिरा कुठं ठेवला ते बोलली तर बोलली, नाहीतर चौकीवर. आवडाबाई खाली मान घालून बाहेर पडली. जाताना तिनं पुन्हा एकदा सहदेवाला हात जोडले. उघडी पेटी आणि काच सहदेवाच्या ओट्यावरच राहिली.

२

"कोंदण भरता येतं होय शेवंतीला?" सखुबाईनं ताट वाढता वाढता विचारलं. सखुबाई म्हणजे सहदेवाची बायको. नवऱ्याचं कौतुक करायला विसरेल, पण उलटतपासणी करायला विसरणार नाही.

"गप बस."

"बसते की. तीस वर्षं झाली, मला कधी फुंकणीला हात लावू दिला नाहीत. बायकांचं काम नव्हे, म्हणता. आणि ती भांडी घासणारी एका रात्रीत शिकली? पेटी उघडली, हिरा काढला, काच बसवली, सोनं दाबून पुन्हा कोंदण भरलं? मग तिला दुकानातच ठेवून घ्या, तुमचे डोळे तरी वाचतील."

सहदेवाचा घास तोंडातच फिरायला लागला. कारण हे त्याला सकाळीच ठाऊक होतं. कोंदण इतकं नेटकं होतं की ते एखाद्या कसलेल्या सोनाराचंच काम, हे पेटी उघडतानाच त्याच्या बोटांना कळलं होतं. तरीही त्यानं दाराकडे पाहिलं होतं. आपल्या मानेवरचा फास काढून त्यानं गरिबाच्या मानेत घातला होता, आणि ते करताना आवाजसुद्धा कापला नव्हता. त्याला स्वतःची शिसारी आली.

"बघणाऱ्यांनी काय म्हटलं असेल हो?" सखुबाई म्हणाली.

"काही म्हटलं नाही कुणी."

"तेच तर."

सहदेव ताटावरून उठला. हळदीला दोन दिवस होते. सोनाराचं काम असेल, तर सोनार शोधायला हवा होता. पाटलाच्या बोलण्यात एक गोष्ट आली होती: हिरा मुळात त्याच्या बापाच्या पदकात होता. दोन वर्षांपूर्वी ठाण्याच्या दगडू सोनारानं ती पेटी पदकातून काढून अंगठीवर चढवली. दुसऱ्या दिवशी पहिल्या आगगाडीनं सहदेव ठाण्याला निघाला.

३

दगडू सोनार वयानं लहान, पण कामाला तिखट. त्यानं सहदेवाला पाट दिला, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"पेटी मी उघडलीच नाही, शेट," तो म्हणाला. "पदकाच्या कड्या कापल्या नि पेटी जशीच्या तशी अंगठीच्या वळ्यावर खिळ्यांनी बसवली. आचसुद्धा दिली नाही. आतली लाख वितळली असती. पाटील समोर बसून होता, हुक्का ओढत. विचारा त्याला."

"खडा कसा दिसत होता?"

"मस्त! डाक आत्ताच घातल्यासारखा चकाकत होता. मी म्हटलंसुद्धा, पाटील, जुनं पदक आणि डाक असा? तर म्हणे, बापाच्या वेळचा आहे, कधी उघडलेला नाही."

सहदेव पाणी प्यायचा थांबला. डाक दोन वर्षांपूर्वीही असाच चकाकत होता? मग कालचा त्याचा सगळा तर्क कोसळला. दोन वर्षं खाडीकाठी राहून तो काळा पडायला हवा होता.

"आणखी काही?"

दगडूनं पानाला चुना लावला. लावत बसला. मग म्हणाला, "शेट, कोंदणाचा हात मी ओळखला होता. ठाण्यात असा हात कुणाचा नाही."

"मग कुणाचा?"

"तुम्ही वडीलधारे," दगडू मान वर न करता म्हणाला. "वडीलधाऱ्याला त्याचंच घर मी कशाला दाखवू? घरी जा. डाक उचलून बघा."

४

परतीच्या गाडीत सहदेव खिडकीशी बसला, पण बाहेरची खाऱ्या चिखलाची खाजणं त्याला दिसलीच नाहीत. खाडीची हवा सगळ्यांचा डाक खाते. फक्त एका दुकानाचा खात नाही. कोपर, मुंब्रा, पार खडवलीपर्यंतची माणसं ज्या दुकानात मुद्दाम येत, कारण तिथला डाक काळा पडत नसे. का पडत नसे, ते त्या दुकानदारानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

घरी आल्या आल्या त्यानं पेटी दिव्याखाली धरली आणि चिमट्यानं डाक उचलला.

खाली अभ्रकाचा पापुद्रा होता. कडेनं मेण लावून बेमालूम बसवलेला, म्हणजे लाखेतली ओल चांदीपर्यंत पोचू नये. ही युक्ती त्याच्या बापाची. बाप वारल्यावर ती साऱ्या मुलुखात एकालाच ठाऊक होती.

काच त्यानंच बसवली होती. चोर शोधत तो ठाण्यापर्यंत जाऊन आला, आणि वाट फिरून त्याच्याच ओट्यावर आली.

"काय झालं?" सखुबाईनं विचारलं. त्यानं पेटी तिच्यासमोर धरली आणि सगळं सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा अभ्रकाचं गुपितही सांगितलं. सखुबाईनं एकदाही थट्टा केली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"कुणी आणून दिलं होतं, आठवत नाही?"

"शेकडो पदकं येतात गं." आठवत नव्हतं, हे खरंच होतं. मग त्यानं डोकं चालवायला घेतलं. पाटलानं स्वतः आणलं नव्हतं. तो तर बापाच्या वेळचाच हिरा समजून होता. म्हणजे घरातलंच दुसरं कुणीतरी. दुकानात बसल्या बसल्या पाटलानं हिऱ्याच्या घाटावरून घरात झालेली भांडणं चवीनं सांगितली होती. शालूला विलायती घाट हवा होता, चमकतो म्हणून. तिची आई कमळाबाई परबच राहू द्या म्हणत होती, पैलू पाडताना तिसरा हिस्सा झिजून जातो म्हणून. दोघी हिऱ्याबद्दल बोलत होत्या. आणि आवडाबाई? ती घाटाबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. ती एवढंच म्हणत राहिली होती की पेटी उघडू नका.

आत काय आहे हे ज्याला ठाऊक, त्यालाच पेटीची भीती. आणि तो नमस्कार! येतानाही, जातानाही.

"पण ती माझ्या पाया का पडते?" सहदेव म्हणाला. "चोरी केलेली बाई सोनाराच्या पाया पडेल, की त्याच्यापासून तोंड लपवेल?"

"तिलाच जाऊन विचारा," सखुबाई म्हणाली.

५

हळदीच्या दिवशी सकाळी होडीनं तो कोपरला उतरला. मांडव पडला होता, बायका गाणी म्हणत हळद दळत होत्या. आवडाबाई मागच्या अंगणात एकटीच तांदूळ पाखडत होती. सहदेव दिसताच तिनं सूप खाली ठेवलं आणि पदर सावरून पुन्हा वाकली.

"बाई, नमस्कार पुरे," तो म्हणाला. "ती काच मी बसवली होती. तुम्ही आणून दिलं होतंत पदक."

"व्हय," ती सहज म्हणाली. "नऊ वर्सं झाली. तुमच्या ध्यानात नसंल, मी तोंडावर पदर घेतलेला. भावाला तवा ताप भरलेला. एकवीस दिस उतरला नाय. त्याचे गळ्यात बापाचं पदक, त्याची कडी तुटलेली, ती जोडाया मी आलेले. तुमी खडा भिंगाखाली धरलात नि बोललात, बाई, ह्यात काकपद हाय. कावळ्याच्या पायासारखी काळी रेघ. ज्याचे अंगावर असंल त्याला खातो."

सहदेव एक पाऊल मागं सरला.

"तुमी बोललात, खडा मना देऊन टाक, मी बघतो त्याचं काय करायचं ते. पण मना वाटलं, तुमचे घरान पन माणसं असतील. त्यांना खाल्लं मंजे? म्हणून नाय दिला. काच बसवून घेतली. होडी भर खाडीत आली तवा हिरा पाण्यान सोडला, नि तिसरे दिशी भावाचा ताप उतरला." तिचे डोळे भरून आले. "त्याला यातलं कायबी ठावं नाय. तुमी नसते बोलले तं माझा भाऊ नसता. नऊ वर्सं रोज दिवा लावताना मी तुमचं नाव घेते, शेट."

आता त्याला आठवलं. पदर ओढलेली, हट्टी, खडा न विकणारी बाई. ती गेल्यावर तो सखुबाईला म्हणाला होता, अडाणी आहेत झालं. हिऱ्यात काकपद नव्हतं. रेघ नव्हती, ठिपका नव्हता. पाण्यासारखा स्वच्छ परब होता तो, जन्मात एकदा हाती येतो तसा. गिऱ्हाईक अडलेलं दिसलं, की खड्यात काकपद दाखवायचं आणि पडत्या भावात घ्यायचं, ही धंद्यातली रीत. त्यानं असं कितीजणांना घाबरवलं होतं, ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

"मग परवा तुम्ही बोलला का नाही? शेवंती कोंडली गेली."

आवडाबाई ओशाळली. "माझंच चुकलं. पन तुमी शेवंतीवर ढकललंत, तवा मना वाटलं, तुमी मनाच वाचवताय. तुमचं नाव कसं सांगू? उपकार करनाऱ्याला कुनी फौजदाराकडं देतं? आज हळद लागली की मी भावाला सांगनार व्हते, मीच हरवला म्हणून."

सहदेव मांडवाकडे वळला.

६

मांडवात त्यानं पाटलाला बाजूला बोलावलं, पण पाटलाला बाजूला बोलावून उपयोग नसतो. सगळा मांडव गोळा झाला. शालू हळद लावून पाटावर बसली होती. खोपीतून शेवंतीला आणलं होतं. दोन दिवसांत तिचे ओठ मिठानं फुटले होते.

सहदेवानं सांगितलं. काच मीच बसवली, आवडाबाईंच्या सांगण्यावरून. हिऱ्यात दोष होता. तुमचा जीव धोक्यात होता. त्यांनी तो खाडीत सोडला. शेवंतीचा काडीचाही संबंध नाही.

खोटं त्यात एकच वाक्य होतं. बाकी सगळं खरं असल्यामुळे ते आत सहज खपून गेलं.

काळुरामनं बहिणीकडे पाहिलं. एवढा दांडगा माणूस, पण हमसून हमसून रडला. मग त्यानं शेवंतीपुढे हात जोडले, आणि मांडवादेखत सहदेवाच्या पायांशी वाकला. "देवमाणूस हायस तू," तो म्हणाला. कुणीतरी नारळ आणा म्हणून ओरडलं.

सुटला होता सहदेव. त्यानं नारळ घ्यायचा, होडीत बसायचं आणि घरी जायचं, एवढंच उरलं होतं.

"काका," शेवंती म्हणाली. "मग माझेकडं का बघितलंत?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. सहदेवानं पुढं आलेला नारळ बाजूला सारला.

"मी भ्यालो होतो," तो म्हणाला. "म्हणून तुझ्याकडे बघितलं. तू चोर नाहीस, हे मला तेव्हाही ठाऊक होतं." मग तो आवडाबाईकडे वळला. तिच्याकडे बघवेना, म्हणून तिच्या पायांकडे बघत बोलला. "आणि बाई, हिऱ्यात काकपद नव्हतं. कसलाच दोष नव्हता. मला तो स्वस्तात हवा होता, म्हणून बोललो. पाटलांचा ताप आपोआप उतरला."

आवडाबाईनं हळूच विचारलं, "मंजे मी उगाच टाकला?"

या प्रश्नापेक्षा पाटलानं दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पाटलानं हात उगारलाही होता. पण पाटावरून शालू उठली. तिनं हळदीच्या हातानं आत्याचा हात धरला.

"उगाच कसा, आत्या? तुझे लेखी तर बाबाचा जीवच जात व्हता ना? मग तू हिरा नाय टाकलास, बाबाचा जीव राखलास." मग ती सहदेवाकडे वळली. "तीच काच माझे नथीत बसवा."

"विलायती घाट..." तो पुटपुटला.

"नाय. पैलूबिलू नको. आत्यानं बसवून घेतली तशीच. चपटी, बंद पेटीत. उद्या सकाळी पायजे."

घरी जाऊन सहदेवानं ती बसवली. नवा डाक घातला, आणि खाली अभ्रकाचा पापुद्राही. या वेळी सखुबाई दिवा धरून शेजारी बसली होती आणि तो तिला दाखवत होता.

लग्नात ठाण्याच्या बायका नथीभोवती जमल्या. "हिरा का गं?" नवऱ्यामुलाच्या मावशीनं विचारलं.

"काच हाय," शालू ताठ मानेनं म्हणाली. "हिरा माझ्या आत्यानं बाबाच्या जिवासाठी खाडीत सोडला." बायका आवडाबाईकडे आदरानं बघायला लागल्या. कुणीतरी विचारलं, मग काच बसवली कुणी? शालूनं पंगतीकडे बोट केलं.

पंगतीच्या टोकाला सहदेव बसला होता. पाटलानं त्याला आग्रहानं बोलावलं नव्हतं, पण येऊ नको असंही सांगितलं नव्हतं, आणि न येणं त्याला जमलं नव्हतं. वाढायला शेवंती होती. ती त्याच्या पानाशी येऊन थांबली.

"शेवंती..." तो म्हणाला. पुढचे शब्द त्यानं होडीत दहा वेळा घोकले होते.

"भात वाढू का, काका?"

तो हो म्हणाला, आणि खाली मान घालून जेवला.